प्रावरण-प्लूमचे भूरसायन

प्रावरण-प्लूमचे भूरसायन हा भूरसायनशास्त्रातील एक अभ्यासविषय आहे. ज्वालामुखीतून बाहेर पडलेल्या खडकांच्या रासायनिक घटनेवरून, त्या खडकांचे मूळ द्रव्य पृथ्वीच्या पोटात कोठून आले आणि तेथे ते किती काळ व कोणत्या स्थितीत होते, याचा माग या अभ्यासात काढला जातो. प्लूम म्हणजे प्रावरणाच्या खोल भागातून, बहुधा गाभ्याच्या सीमेजवळून, अत्यंत मंद गतीने वर चढणारा तप्त घन खडकाचा स्तंभ होय. तो प्रत्यक्ष पाहता येत नाही. मात्र त्याच्या माथ्याशी वितळलेला खडक लाव्ह्याच्या रूपाने भूपृष्ठावर येतो आणि आपल्या उगमाच्या काही खुणा सोबत आणतो.

या खुणा शुद्ध स्वरूपात क्वचितच हाती लागतात. वर येताना शिलारसात वाटेतील खडकांची भेसळ होते, काही खनिजे गळून पडतात आणि थिजलेल्या खडकात पुढे पाणी व हवा बदल घडवून आणतात. त्यामुळे लाव्ह्यात जे आढळते त्यातील उगमाचे किती आणि वाटेतले किती, हे वेगळे करणे हाच या अभ्यासाचा गाभा आहे. सह्याद्रीतील बेसाल्टचे थर आणि हिंदी महासागरातील रीयुनियन बेट यांचा संबंध हे त्याचे एक सखोल अभ्यासलेले उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

पृथ्वीचे प्रावरण भूकवचाच्या तळापासून सुमारे २,८९० किलोमीटर खोलीपर्यंत पसरले आहे. मानवाने खणलेले सर्वांत खोल छिद्र रशियातील कोला द्वीपकल्पात असून त्याची खोली १२,२६२ मीटर आहे. म्हणजे तेही कवचातच संपते. भूकंपलहरींच्या साहाय्याने प्रावरणातील उष्ण आणि थंड भागांचा अंदाज घेता येतो, परंतु तेथील द्रव्याचा इतिहास त्या लहरी सांगत नाहीत.

बहुतेक ज्वालामुखी भूपट्टांच्या कडांवर आढळतात. हवाईसारखी काही ज्वालामुखी बेटे मात्र भूपट्टाच्या ऐन मध्यावर आहेत. कॅनडाचे भूभौतिकशास्त्रज्ञ जे. टुझो विल्सन यांनी १९६३ मध्ये अशी कल्पना मांडली की, एका स्थिर उष्ण उगमावरून भूपट्ट सरकत गेल्यामुळे अशा बेटांची रांग तयार होते. अमेरिकेचे डब्ल्यू. जेसन मॉर्गन यांनी १९७१ मध्ये या उगमांचा संबंध प्रावरणाच्या तळाकडून येणाऱ्या प्लूमशी जोडला. भूपृष्ठावरील अशा जागेला तप्तस्थळ म्हणतात.

रासायनिक पुराव्याची सुरुवात याच सुमारास झाली. पॉल गास्ट, जॉर्ज टिल्टन आणि कार्ल हेज यांनी १९६४ मध्ये अटलांटिक महासागरातील असेन्शन व गॉफ या बेटांवरील लाव्ह्यांत शिसे व स्ट्रॉन्शियम यांच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले. ते दोन्ही बेटांवर वेगवेगळे आढळले. प्रावरण सर्वत्र एकजिनसी नाही, हे यावरून स्पष्ट झाले.

मूलतत्त्व

प्रावरणातील खडक सहसा पूर्णपणे वितळत नाही. त्याचा थोडासा भागच द्रवरूप होतो. या आंशिक वितळणात मॅग्नेशियम, निकेल यांसारखी मूलद्रव्ये बहुतांशी घन खनिजांत राहतात. रुबिडियम, बेरियम, थोरियम, युरेनियम यांसारखी मूलद्रव्ये प्रावरणातील खनिजांच्या स्फटिकरचनेत नीट बसत नाहीत आणि तत्काळ द्रवात उतरतात. त्यांना विसंगत मूलद्रव्ये म्हणतात. खंडांचे कवच अशाच द्रवांपासून अब्जावधी वर्षांत घडत गेल्याने त्यात विसंगत मूलद्रव्ये विपुल आहेत. उलट वरच्या प्रावरणाचा मोठा भाग त्यांच्या बाबतीत रिता झाला आहे.

मूलद्रव्यांचे एकूण प्रमाण वितळण्याच्या मात्रेनुसार बदलते. म्हणून उगम ओळखण्यासाठी समस्थानिकांची गुणोत्तरे अधिक उपयोगी ठरतात. एकाच मूलद्रव्याचे दोन जड समस्थानिक रासायनिकदृष्ट्या जवळजवळ सारखेच वागत असल्याने खडक कमी वितळो वा जास्त, त्यांचे परस्परप्रमाण बदलत नाही. ते बदलते केवळ किरणोत्सर्गी क्षयामुळे किंवा दुसऱ्या द्रव्याच्या मिसळण्यामुळे.

रुबिडियम-८७ चा क्षय होऊन स्ट्रॉन्शियम-८७ बनते. या क्षयाचा अर्धायुकाल सुमारे ४९ अब्ज वर्षे आहे. ज्या द्रव्यात रुबिडियम अधिक, त्यात कालांतराने स्ट्रॉन्शियम-८७ चे स्ट्रॉन्शियम-८६ शी गुणोत्तर वाढते. समेरियम-१४७ पासून निओडिमियम-१४३ तयार होते, त्याचा अर्धायुकाल सुमारे १०६ अब्ज वर्षे आहे. येथे स्थिती उलट असते: निओडिमियम हे समेरियमपेक्षा अधिक विसंगत असल्याने रित्या झालेल्या प्रावरणात निओडिमियमचे गुणोत्तर जास्त आणि जुन्या खंडीय कवचात कमी असते. दोन्ही गुणोत्तरे एकत्र पाहिली की, उगमस्थानचे द्रव्य दीर्घकाळ कोणत्या अवस्थेत होते हे कळते. युरेनियम व थोरियम यांपासून बनणारे शिशाचे तीन समस्थानिक या चित्रात आणखी तपशील भरतात.

मध्य-महासागरी पर्वतरांगांवरील बेसाल्टमध्ये स्ट्रॉन्शियमचे गुणोत्तर साधारणतः ०.७०२५ ते ०.७०३० च्या आसपास असते. प्राचीन ग्रॅनाइटमध्ये ते ०.७१ च्या बरेच वर जाऊ शकते. फरक तिसऱ्या-चौथ्या दशांश स्थळी दिसतो. परंतु आधुनिक वस्तुमान वर्णपटमापक याहूनही सूक्ष्म फरक खात्रीने मोजतात.

खोल उगमाच्या खुणा

हेलियम. हेलियम-४ हे युरेनियम व थोरियमच्या क्षयातून सतत तयार होत असते. हेलियम-३ मात्र बहुतांशी पृथ्वीच्या जन्मकाळीच तिच्यात अडकलेले आहे. त्यामुळे हेलियम-३ चे हेलियम-४ शी असलेले प्रमाण जास्त आढळल्यास, ते द्रव्य आरंभापासून फारसे वितळले नसावे किंवा त्यातील वायू निघून गेला नसावा, असे अनुमान केले जाते. हे प्रमाण वातावरणातील हवेच्या पटीत सांगतात. मध्य-महासागरी पर्वतरांगांवरील लाव्ह्यांत ते सुमारे ८ पट असते आणि खंडीय कवचात हवेच्या काही शतांश भागाइतकेच. हवाई व आइसलँड येथे ते ३० पटींच्या वर जाते. कॅनडातील बॅफिन बेटावरील सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यांत २०२३ मध्ये ६७ पटींपर्यंत प्रमाण नोंदवले गेले.

टंगस्टन. हाफ्नियम-१८२ पासून टंगस्टन-१८२ बनते. याचा अर्धायुकाल केवळ ८९ लाख वर्षे असल्याने पृथ्वीच्या पहिल्या सुमारे ६ कोटी वर्षांतच हे घड्याळ थांबले. त्यानंतर या समस्थानिकात नवा फरक निर्माण होणे शक्य नव्हते. तरीही हवाई व सामोआ येथील लाव्ह्यांत टंगस्टन-१८२ ची अत्यल्प तूट असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१९ मध्ये रीयुनियन व केर्गेलेन येथेही तशीच तूट आढळल्याचे नोंदवले गेले. गाभ्यात टंगस्टन-१८२ चे प्रमाण कमी असल्याने, प्लूमच्या मुळाशी गाभा व प्रावरण यांच्यात देवाणघेवाण होत असावी, असा अर्थ अनेक संशोधक लावतात.

निओडिमियम-१४२. हाही अशाच लुप्त झालेल्या मूळ समस्थानिकापासून, म्हणजे समेरियम-१४६ पासून, बनतो. रीयुनियनच्या लाव्ह्यांत त्याचे अत्यंत सूक्ष्म फरक २०१८ मध्ये नोंदवले गेले. त्यावरून पृथ्वीच्या पहिल्या ५० कोटी वर्षांत वेगळे झालेले द्रव्य आजही या प्लूमच्या उगमात टिकून असावे, असे अनुमान काढण्यात आले.

प्रावरणातील द्रव्यप्रकार

अॅलन झिंडलर आणि स्टॅन्ली हार्ट यांनी १९८६ मध्ये महासागरी लाव्ह्यांच्या समस्थानिक गुणोत्तरांचे वर्गीकरण करून प्रावरणात काही ठळक द्रव्यप्रकार असल्याचे मांडले. त्यांपैकी एक म्हणजे विसंगत मूलद्रव्ये गमावलेले रिते प्रावरण. दुसऱ्या प्रकारात शिशाच्या तुलनेत युरेनियमचे प्रमाण अतिशय जास्त असते; सेंट हेलेना व मांगाइया ही बेटे त्याची उदाहरणे होत. उरलेले दोन प्रकार ‘समृद्ध’ म्हणून ओळखले जातात. पिटकेर्न बेटावर पहिला आणि सामोआत दुसरा प्रकार आढळतो.

या विविधतेचे कारण अल्ब्रेख्ट हॉफमान व विल्यम व्हाइट यांनी १९८२ मध्येच सुचवले होते. महासागरी कवच खंदकांपाशी प्रावरणात बुडते, खोल साठते, दीर्घकाळ तेथे राहते आणि अखेर प्लूममधून पुन्हा वर येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मांगाइया बेटावरील ऑलिव्हिन स्फटिकांत अडकलेल्या सल्फाइड कणांनी २०१३ मध्ये त्याला बळकटी दिली. त्या कणांतील गंधकाच्या समस्थानिकांची ठेवण, वातावरणात ऑक्सिजन जवळजवळ नसतानाच घडू शकणाऱ्या प्रक्रियांची होती. म्हणजे ते गंधक किमान २.४५ अब्ज वर्षांपूर्वी भूपृष्ठावर होते आणि प्रावरणात बुडून पुन्हा लाव्ह्यात आले.

नमुन्यापासून मापनापर्यंत

विश्लेषणासाठी ताजा, न झिजलेला खडक निवडावा लागतो. बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी यांसारखी खनिजे मागाहून साचतात. दख्खनच्या बेसाल्टमध्ये ती विपुल आहेत. असे भाग काढून टाकतात. रुबिडियम व पोटॅशियम पाण्याबरोबर सहज वाहून जातात. निओडिमियम, निओबियम, झिर्कोनियम बहुधा जागीच राहतात. म्हणून जुन्या खडकांत दुसऱ्या गटावर अधिक भर दिला जातो. त्यानंतर खडकाची भुकटी करून ती आम्लात विरघळवतात आणि हवे ते मूलद्रव्य आयन-विनिमय स्तंभातून वेगळे करून वस्तुमान वर्णपटमापकात मोजतात. खडक थिजल्यानंतर त्यात क्षयामुळे पडलेली भर त्याच्या वयावरून हिशेबाने वजा केली जाते.

हेलियमसाठी ऑलिव्हिन किंवा पायरोक्सीनचे स्फटिक निर्वात पात्रात चिरडले जातात. अशा रीतीने स्फटिकातील सूक्ष्म पोकळ्यांत अडकलेला मूळ वायू बाहेर येतो. उघड्यावर पडलेल्या खडकात विश्वकिरणांमुळे नवे हेलियम-३ तयार होते आणि त्यामुळे फसवे उच्च प्रमाण दिसू शकते. म्हणून नमुना शक्यतो खाणीतून वा रस्त्यासाठी खोल कापलेल्या डोंगरातून घेतात.

दख्खन व रीयुनियन

दख्खनचा बेसाल्ट आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला आहे. त्याचे मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झाले. त्या काळी भारतीय भूपट्ट आजच्या रीयुनियनच्या परिसरावरून उत्तरेकडे सरकत होता. पट्टाच्या गतीवरून काढलेल्या या निष्कर्षाची रासायनिक तपासणी गेल्या चार-पाच दशकांत झाली आहे.

सह्याद्रीतील थर दिसायला बरेचसे सारखे असले तरी रासायनिकदृष्ट्या वेगळे आहेत. त्यावरून त्यांचे कळसूबाई, लोणावळा आणि वाई असे तीन उपगट पाडण्यात आले. तळापासून वर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकुरवाडी, भीमाशंकर. त्यावर खंडाळा व बुशे. आणि त्यावर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा व देसूर असा क्रम आहे. कीथ कॉक्स, ख्रिस हॉक्सवर्थ, जॉन महोनी, कॉलिन डिव्ही, के. व्ही. सुब्बाराव आदींच्या संशोधनातून हा क्रम आकाराला आला.

यांतील बुशे थरात भेसळ सर्वाधिक आहे. त्यात सिलिका व बेरियम जास्त, टायटॅनियम कमी आणि स्ट्रॉन्शियमचे गुणोत्तर ०.७१३ पासून सुमारे ०.७२ पर्यंत जाते. एवढे मूल्य प्रावरणातून थेट आलेल्या बेसाल्टमध्ये अपेक्षित नसते. हा शिलारस कवचात साठून राहिला आणि त्याने भोवतालचा ग्रॅनाइटी खडक आपल्यात विरघळवून घेतला, असा याचा अर्थ आहे. कोयना परिसरातील खोल छिद्रांत बेसाल्टच्या तळाशी थेट प्राचीन ग्रॅनाइट-नाइस लागतो. शिलारस अशाच कवचातून वर आला होता. पोलादपूर थरात हा परिणाम खालून वर कमी होत जातो.

आंबेनळी थरात भेसळ सर्वांत कमी आहे. महाबळेश्वर-पोलादपूर मार्गावरील आंबेनळी घाटावरून त्याचे नाव पडले. येथील काही लाव्ह्यांत स्ट्रॉन्शियमचे गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी असून निओडिमियमचे मूल्य उच्च आहे. निओबियम व युरेनियम यांचे गुणोत्तरही भेसळ ओळखण्यास उपयोगी पडते: महासागरी बेसाल्टमध्ये ते सरासरी ४७ च्या जवळपास, तर खंडीय कवचात १० च्या आसपास वा त्याहून कमी असते. भेसळ झाली की ते घसरते.

परंतु भेसळ वगळल्यावरही आंबेनळीचा लाव्हा आजच्या रीयुनियनच्या लाव्ह्याशी तंतोतंत जुळत नाही. रीयुनियनमध्ये स्ट्रॉन्शियमचे गुणोत्तर ०.७०४१ ते ०.७०४४ या अरुंद मर्यादेत असून ते बेट रासायनिकदृष्ट्या विलक्षण एकसारखे आहे. आंबेनळीची मूल्ये हिंदी महासागराच्या तळावरील बेसाल्ट आणि रीयुनियन यांच्या दरम्यान येतात. प्लूमच्या द्रव्यात वरच्या प्रावरणाचे द्रव्य मिसळल्याचे हे लक्षण मानले जाते. महाबळेश्वर थरातील वेगळ्या कलाचे कारण प्राचीन शिलावरणाचा तळ की खालचे कवच, याबाबत मतभेद आहेत.

रीयुनियनशी अधिक जवळचे साम्य सह्याद्रीबाहेर आढळले. गुजरातमधील धंधुका परिसरातील छिद्रांतून मिळालेले मॅग्नेशियमसमृद्ध लाव्हे समस्थानिकांच्या बाबतीत रीयुनियनसारखे असल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी १९९३ मध्ये आशिष बसू व सहकाऱ्यांनी राजस्थानातील मुंडवाडा व सरनू येथील अल्कलीयुक्त खडकांचा अभ्यास मांडला होता. मुख्य उद्रेकांपूर्वीच्या, सुमारे ६.८५ कोटी वर्षे वयाच्या या खडकांत हेलियमचे प्रमाण हवेच्या जवळपास १४ पट आढळले. आजच्या रीयुनियनमध्येही ते साधारण १२ ते १४ पट आहे.

या दोन टोकांच्या मधला माग समुद्रात आहे. लक्षद्वीप-मालदीव-छागोस ही सागरी रांग, मस्कारेन पठार, मॉरिशस आणि शेवटी रीयुनियन असा तो दक्षिणेकडे जातो. महासागर खनन कार्यक्रमाच्या ११५ व्या मोहिमेत १९८७ मध्ये येथील तळातून बेसाल्ट काढण्यात आला. त्याचे वय मालदीवपाशी सुमारे ५.७ कोटी आणि छागोसपाशी सुमारे ४.९ कोटी वर्षे निघाले. मॉरिशसचे सर्वांत जुने लाव्हे सुमारे ९० लाख वर्षांपूर्वीचे आहेत आणि रीयुनियनवरील पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही जागृत आहे. मधल्या काळात मध्य-महासागरी पर्वतरांग या तप्तस्थळावरून सरकल्याने हा माग दोन भूपट्टांवर विभागला गेला.

महासागरी बेटही खंडीय भेसळीपासून मुक्त असतेच असे नाही. मॉरिशसवर सुमारे ३ अब्ज वर्षे वयाचे झिर्कॉन स्फटिक आढळल्याचे २०१७ मध्ये नोंदवले गेले. बेटाचे वय पाहता ते तेथे घडणे शक्य नाही. बेटाखाली प्राचीन खंडाचा तुकडा दडला असावा, असे मानले जाते.

मर्यादा व मतभेद

रासायनिक खुणा द्रव्याचे वय व इतिहास सांगतात, खोली थेट सांगत नाहीत. गार्नेट हे खनिज जड विरल मृदा मूलद्रव्ये धरून ठेवते. त्यामुळे लाव्ह्यात ती कमी आढळल्यास वितळण्याची क्रिया सुमारे ७० ते ८० किलोमीटरपेक्षा खोल झाली असे कळते. मात्र ही वितळण्याची खोली आहे. घन द्रव्य त्याआधी किती खोलीवरून निघाले, हे यावरून ठरत नाही. खोल उगमाचे अनुमान अप्रत्यक्ष असते: अमुक द्रव्य एवढा काळ न मिसळता टिकण्यासाठी प्रावरणाचा सततच्या अभिसरणापासून दूर असलेला भागच हवा, असा तो युक्तिवाद आहे.

हेलियमचाही दुसरा अर्थ लावता येतो. युरेनियम व थोरियम फार पूर्वी गमावलेल्या खडकात हेलियम-४ ची भर पडत नाही, म्हणून मूळचे प्रमाण कमी खोलीवरही टिकू शकते, असे डॉन अँडरसन यांच्यासह काही शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील हेतू शेठ यांनी दख्खनच्या प्लूम-उगमालाच आव्हान दिले असून, खंड दुभंगताना शिलावरणात पडलेल्या ताणातून हे उद्रेक समजावता येतात असे प्रतिपादन केले आहे. सह्याद्रीतील बहुतेक थरांत असलेली भेसळ या वादाला अवकाश देते.

म्हणून आज रासायनिक निष्कर्ष इतर पुराव्यांशी ताडून पाहिले जातात. रीयुनियनभोवती २०१२-१३ मध्ये समुद्रतळावर भूकंपमापक ठेवून फ्रान्स व जर्मनीच्या संशोधकांनी प्रावरणाचे चित्रण केले. त्यावरून २०२१ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात आफ्रिका व हिंदी महासागराखालील तप्त स्तंभ तळाशी एका विशाल उष्ण राशीशी जोडलेले दिसतात; मात्र ते सरळ न चढता झाडाच्या फांद्यांप्रमाणे तिरपे फुटले आहेत. टंगस्टनची तूट आणि हे चित्र परस्परांना पूरक आहेत.

महत्त्व

खंडांची वाढ, बुडालेल्या समुद्रतळाची अखेर आणि पृथ्वीच्या आरंभीच्या द्रव्याचे अवशेष हे प्रश्न या अभ्यासाशी निगडित आहेत. दख्खनच्या बाबतीत त्याला आणखी एक परिमाण आहे. डायनासोर नष्ट झाले त्या सुमारास हे उद्रेक चालू होते. शिलारस प्लूममधून किती आला, त्याने कवचातून काय उचलले आणि त्यासोबत कर्ब वायू व गंधकाची संयुगे किती बाहेर पडली, यांवर त्या काळच्या हवामानबदलाचा हिशेब अवलंबून आहे. तो हिशेब सह्याद्रीच्या घाटांतून गोळा केलेल्या आणि भेसळीची मात्रा ठरवून वाचलेल्या नमुन्यांवर आधारलेला आहे.